अधिक मोठं पाप: अटलांटातल्या एका ज्यू मंडळीचं प्रकरण

१९४८ च्या ऑक्टोबरात, योम किप्पूरच्या दिवशी, अमेरिकेतल्या अटलांटा शहरात रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जेकब रॉथचाइल्ड आपल्या सिनेगॉगमध्ये, प्रार्थनाघरात, प्रवचनाला उभे राहिले. योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू त्याला ‘दरफालनीचा सण’ म्हणत. त्या दिवशी घराची दारं लावून माणसं उपासाला आणि प्रार्थनेला बसत, आणि दुसऱ्या दिवशीच्या ‘शिळ्या सणा’ला गोरगरिबांना दानधर्म करत. जगात कुठेही गेलात तरी एक गोष्ट सारखी असते. वर्षभर सिनेगॉगकडे न फिरकणारी माणसंही या दिवशी येतात. रब्बीला एवढा भरलेला सभामंडप पुन्हा वर्षभर मिळत नाही. अशा दिवशी काय बोलायचं, हे कोणताही रब्बी फार विचार करून ठरवतो. रॉथचाइल्डनी प्रवचनाला नाव दिलं होतं ‘अधिक मोठं पाप’.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दहशतीसाठी क्रॉस जाळणारे, कृष्णवर्णीयांना मारणारे, निवडणुकीसाठी द्वेष पेटवणारे लोक पापी आहेत, यात शंका नाही. आपण त्यांच्यातले नाही. आपण कुणावर हात उगारलेला नाही, घरच्या नोकरमाणसांशीही नीट वागलो. मग प्रायश्चित्त कशाचं? तर डोळ्यांसमोर हे सगळं चाललेलं असताना आपण गप्प बसलो, त्याचं. आणि चांगल्या माणसांचं हे गप्प बसणं हेच अधिक मोठं पाप आहे.

दानधर्म, सेवा आणि सामाजिक न्याय हे तीन शब्द आपण संस्थांच्या अहवालात एका ओळीत लिहून टाकतो. त्यांच्यातलं अंतर किती मोठं आहे आणि ते चालून जायला एका मंडळीला किती वर्षं लागली, किती किंमत पडली, हे या प्रकरणात अगदी उघडं दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडावंसं वाटलं.

आधी मंडळीबद्दल. तिचं अधिकृत नाव ‘हिब्रू बेनेवोलंट काँग्रिगेशन’, म्हणजे हिब्रू लोकांची परोपकारी मंडळी. सुरुवात झाली ती १८६० मध्ये, ‘हिब्रू बेनेवोलंट सोसायटी’ या नावाने. परक्या गावात येऊन राहिलेली थोडी ज्यू माणसं, त्यांना एकमेकांच्या अडीनडीला धावून जायला आणि मेलेल्यांना आपल्या रीतीने मूठमाती द्यायला एक संस्था हवी होती. प्रार्थनेची मंडळी म्हणून तिची रीतसर नोंद झाली ती नंतर, १८६७ मध्ये. म्हणजे परोपकार आधी आणि प्रार्थनाघर मागाहून. आज पीचट्री रस्त्यावर उभी असलेली इमारत १९३१ ची, वास्तुविशारद फिलिप शुट्झ यांची. गावात तिला कुणी लांबलचक नावाने ओळखत नाही, सगळे ‘द टेम्पल’ म्हणतात. पुण्यातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला आपण ‘लाल देऊळ’ म्हणतो, तसंच काहीसं.

इथे एका शब्दावर थांबायला हवं. हिब्रूमध्ये दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय, यापासून आला. आपल्याकडे दान म्हटलं की देणाऱ्याचं पुण्य डोळ्यांपुढे येतं. त्सेदाकामध्ये घेणाऱ्याचा हक्क आधी येतो. गरिबाला दिलं नाही तर ती नुसती कंजुषी ठरत नाही, देणं थकवलं असं होतं. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या धर्मशास्त्र्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. तोंड वाकडं करून दिलेलं दान सगळ्यात खाली. सगळ्यात वर कोण, तर जो समोरच्याला कर्ज देतो, भागीदारीत घेतो, काम मिळवून देतो, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये अशी सोय करतो तो. शिवाय ‘गमिलुत हसादीम’ असा एक वेगळा शब्द आहे, स्वतःच्या अंगाने केलेल्या सेवेसाठी. आजाऱ्याजवळ बसणं, प्रेताला खांदा देणं. पैशाचं दान फक्त जिवंत गरिबाला देता येतं, ही सेवा मात्र गरीब-श्रीमंत, जिवंत-मृत सगळ्यांची करता येते, म्हणून ती दानापेक्षा मोठी, असं तालमूद हा ज्यूंच्या धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. आणि तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत ड्युटेरॉनॉमी) नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे: न्याय, न्यायाचीच कास धरा. शब्द दोनदा का आला, यावर पिढ्यान् पिढ्या चर्चा झाली आहे.

एवढी शिदोरी पाठीशी असलेली मंडळी अटलांटात गप्प का होती? याचं उत्तर एका माणसाच्या मरणात आहे.

लिओ फ्रँक हा पेन्सिलच्या कारखान्याचा व्यवस्थापक. याच टेम्पलचा सभासद. १९१३ मध्ये कारखान्यात काम करणाऱ्या मेरी फेगन या तेरा वर्षांच्या मुलीचा खून झाला आणि आळ फ्रँकवर आला. न्यायालयाबाहेर जमाव, आत डळमळीत पुरावा, आणि फाशीची शिक्षा. १९१५ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जॉन स्लेटन यांनी कागदपत्रं पाहून शिक्षा जन्मठेपेवर आणली. दोन महिन्यांत, १७ ऑगस्टला, गावातल्या नामांकित लोकांच्या टोळीने फ्रँकला तुरुंगातून उचललं आणि मॅरिएटा गावाजवळ झाडाला लटकवलं. त्या झाडाखाली उभं राहून लोकांनी फोटो काढून घेतले, त्यांची पोस्टकार्डं विकली गेली. जॉर्जिया राज्याने फ्रँकला माफी दिली ती १९८६ मध्ये.

ज्यांच्या शेजारी बाकावर बसणारा माणूस असा गेला, त्यांनी काय धडा घेतला असेल? डोकं वर काढू नये. शेजाऱ्यांसारखं दिसावं, शेजाऱ्यांसारखं वागावं. रब्बी डेव्हिड मार्क्स यांनी १८९५ पासून अर्धशतक हे टेम्पल सांभाळलं. ज्यू हे इतर अमेरिकनांसारखेच, फक्त धर्म वेगळा, हे गोऱ्या ख्रिस्ती शहराला पटवण्यात त्यांची हयात गेली. त्यांना भित्रे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जमावाच्या हाती सापडलेला माणूस त्यांनी पाहिला होता. पण त्या सावधपणाचा परिणाम असा झाला, की मंडळीचा परोपकार आपल्यापुरता राहिला आणि शहरातला सगळ्यात मोठा अन्याय तिच्या कामाच्या यादीत आलाच नाही.

१९४६ मध्ये रॉथचाइल्ड आले. पिट्सबर्गचे, वयाने पस्तिशीचे. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात धर्मगुरू होते, ग्वाडलकनालच्या लढाईत त्यांनी तोफांचा मारा अनुभवला होता. ज्या वर्षी ते आले त्याच वर्षी जुलैमध्ये अटलांटाच्या पूर्वेला मूर्स फोर्ड पुलाजवळ दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना जमावाने गोळ्या घालून मारलं होतं. त्या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. शहरात पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, शाळा वेगळ्या, दवाखान्यातले वॉर्ड वेगळे. महाराष्ट्रातल्या वाचकाला पाणवठ्याची ही गोष्ट निराळी समजावून सांगायला नको.

रॉथचाइल्डनी जे केलं त्यात मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती त्यांची चिकाटी. त्यांनी पहिल्याच वर्षी मंडळीला अंगावर घेतलं नाही. पण मोठ्या सणांच्या प्रवचनात हा विषय ते वर्षानुवर्षं काढत राहिले. नाराजी झाली, पण आपला रब्बी हे बोलणारच, हे हळूहळू लोकांच्या अंगवळणी पडलं. दुसरं, त्यांनी टेम्पलमध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशकांसाठी दरवर्षी ज्यू धर्माची ओळख करून देणारा वर्ग चालवला, त्यातून शहरातल्या चर्चशी घरोबा वाढला. कृष्णवर्णीय नेत्यांशीही त्यांनी मैत्री जोडली. कृष्णवर्णीयांच्या मोरहाउस कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन मेज हे त्यांतले एक. हेच मेज १९३६ च्या अखेरीस भारतात आले असताना वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले होते आणि अहिंसा रोजच्या लढ्यात कशी वापरायची याबद्दल त्यांनी खोदून खोदून प्रश्न विचारले होते. पुढे मोरहाउसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग नावाचा मुलगा त्यांचा विद्यार्थी झाला. वर्धा ते अटलांटा हा धागा आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

१७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या आणि जॉर्जियातल्या राजकारण्यांनी उलट पवित्रा घेतला: गोरी-काळी मुलं एकत्र बसणार असतील तर सरकारी शाळाच बंद करू. या गदारोळात ३ नोव्हेंबर १९५७ ला अटलांटातल्या ऐंशी धर्मोपदेशकांनी एक निवेदन वर्तमानपत्रात छापलं. कायदा पाळा, शाळा उघड्या ठेवा, एकमेकांशी बोला, एवढाच त्याचा गाभा. आज ते फारच मवाळ वाटतं. त्या वेळी सही करणाऱ्या कित्येकांना आपल्याच चर्चमध्ये तोंड द्यावं लागलं. या निवेदनाच्या मसुद्याला रॉथचाइल्डनी हातभार लावला होता, पण त्यावर त्यांची सही नाही. भाषा ख्रिस्ती होती, ख्रिस्ताच्या नावाने आवाहन होतं, त्यामुळे ज्यू रब्बीला सही करता येत नव्हती. सही जुळवण्यासाठी त्यांनी भाषा सपक करायला लावली नाही. ज्या लोकांपर्यंत ते पोचवायचं होतं त्यांच्या धर्माच्या शब्दांत ते लिहिलं जाणं जास्त गरजेचं होतं. सामाजिक कामात नाव कुठे छापलं जातं यावरून किती संस्था फुटतात हे पाहिलेल्या माणसाला या न केलेल्या सहीचं मोल कळेल.

आता स्फोटाकडे येऊ.

१९५७ च्या अखेरीपासून दक्षिणेत सिनेगॉगांवर सुरुंग लावायचं सत्र सुरू झालं होतं. शार्लट, मग मायामी, नॅशव्हिल, जॅक्सनव्हिल. बर्मिंगहॅममध्ये वात विझली म्हणून वाचले. १२ ऑक्टोबर १९५८, रविवार, पहाटे साडेतीनच्या सुमारास टेम्पलच्या बाजूच्या दाराशी सुमारे पन्नास कांड्या डायनामाइट फुटलं. भिंतीला भगदाड पडलं, रंगीत काचा फुटल्या, दाराचे खांब कोसळले. आत कुणी नव्हतं. काही तासांनी मात्र रविवारच्या धर्मशाळेसाठी लहान मुलं येणार होती. ‘कॉन्फेडरेट अंडरग्राउंड’ अशा वंशद्वेष्ट्या टोळीच्या नावाने एका वृत्तसंस्थेला फोन आला: अटलांटातली आम्ही उडवलेली ही शेवटची रिकामी इमारत.

पुढचे काही दिवस या प्रकरणाचा कणा आहेत. महापौर विल्यम हार्ट्सफील्ड ढिगाऱ्यात येऊन उभे राहिले आणि म्हणाले की भाषणांतून विष पेरणारे राजकारणी हेच या सुरुंगवाल्यांचे पालनकर्ते आहेत. आपल्याच पक्षाच्या, आपल्याच राज्यातल्या माणसांबद्दल एक महापौर हे बोलत होता. ‘अटलांटा कॉन्स्टिट्यूशन’ या दैनिकाचे संपादक राल्फ मॅगिल यांनी दुसऱ्या दिवशीच्या अंकात अग्रलेख लिहिला. आदल्या आठवड्यात टेनेसीतल्या क्लिंटन गावी दोन वर्षांपूर्वी गोऱ्या-काळ्या मुलांसाठी एकत्र झालेली शाळा उडवली गेली होती. मॅगिलनी टेम्पल आणि शाळा या दोन्ही स्फोटांची गाठ बांधली आणि सांगितलं की कायदा धुडकावण्याची भाषा पुढारी करतात तेव्हा ते हेच पीक लावत असतात. त्या लेखनाला पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी निषेध केला, एफबीआय ही केंद्रीय तपास यंत्रणा कामाला लागली. चर्चनी आपल्या जागा वापरायला देऊ केल्या. टेम्पलने पैसे मागितले नव्हते, तरी अनोळखी लोकांची पाकिटं येऊ लागली, त्यात अगदी छोट्या रकमाही होत्या.

त्याच वेळी रब्बींच्या घरी धमकीचे फोन येत होते. घरात दोन लहान मुलं.

त्या शुक्रवारच्या सायंप्रार्थनेला टेम्पल तुडुंब भरलं. प्रवचनाचा विषय बाहेरच्या फलकावर आधीच लावला होता, मीखा संदेष्ट्याच्या वचनातून घेतलेला: ‘आणि त्यांना कोणी भय घालणार नाही’. मूळ वचनात प्रत्येक माणूस आपल्या द्राक्षवेलीखाली, आपल्या अंजिराखाली निवांत बसलेला आहे. रॉथचाइल्डनी मंडळीला सांगितलं की आपल्याला घाबरवायला हे केलं, आणि आपण घाबरायचं नाही. भिंत पडली ती माणसांची मनं उघडायला कारण ठरली. दहा वर्षांपूर्वी ‘तुम्ही गप्प बसलात’ म्हणणाऱ्या रब्बीकडे त्या संध्याकाळी ‘तुम्ही आमच्यावर हे ओढवून घेतलंत’ असं म्हणण्याची संधी मंडळीला होती. तसं मनात आलेलेही असतील. पण मंडळी पांगली नाही, आणि रब्बीही गप्प झाले नाहीत. पुढच्या महिन्यात अटलांटातल्या तीनशेहून अधिक धर्मोपदेशकांनी दुसरं, अधिक ठाम निवेदन काढलं. त्यावर रॉथचाइल्डची सही होती.

रब्बींच्या पत्नी जॅनिस यांनी पुढे या स्फोटाचं वर्णन ‘जखम भरून काढणारा बॉम्ब’ असं केलं. त्यांना काय म्हणायचं आहे हे फ्रँकची गोष्ट माहीत असेल तरच कळतं. १९१५ मध्ये शहर जमावाच्या बाजूने होतं. १९५८ मध्ये शहराचा महापौर ढिगाऱ्यात ज्यूंच्या शेजारी उभा होता. त्रेचाळीस वर्षांची भीती त्या एका आठवड्यात सैल झाली.

इथे दोन गोष्टी मात्र नोंदवायलाच हव्यात, नाही तर हे प्रकरण फार गोड होऊन बसतं. एक, शिक्षा कुणालाही झाली नाही. पाच जणांवर आरोप ठेवले गेले, एकावर खटला चालला. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या वेळी, १९५९ च्या जानेवारीत, तो निर्दोष सुटला. बाकीच्यांवरचे खटले उभे राहिलेच नाहीत. दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या घरांवर आणि चर्चवर बॉम्ब पडतच होते. किंग यांच्या माँटगोमेरीतल्या घरावर १९५६ मध्ये पडला होता. त्या वेळी कुठलं शहर असं धावून आलं, कुठल्या वर्तमानपत्राने असं लिहिलं? टेम्पलच्या बाजूने शहर उभं राहिलं याचं एक कारण म्हणजे टेम्पलची माणसं गोरी होती, व्यापारउदीमात होती, शहराच्या प्रतिष्ठेचा भाग होती. मंडळीला मिळालेली ही सहानुभूती तिने पुढे कुणासाठी वापरली, हाच मग खरा प्रश्न उरतो.

आणि या प्रश्नाचं पहिलं उत्तर फारसं सुखाचं नाही. अटलांटातलं सगळ्यात मोठं दुकान ‘रिचेस’. रिच घराणं याच मंडळीतलं. या दुकानाची पुण्याई मोठी होती. महामंदीत शहराकडे पैसा नव्हता, शिक्षकांना पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या मिळत होत्या, तेव्हा रिचेसने त्या चिठ्ठ्या पूर्ण किमतीला वटवून दिल्या, दुकानातच खरेदी करा अशी अटही घातली नाही. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांना उधारी देणाऱ्या दुकानांतलं ते एक. पण त्याच दुकानातल्या मॅग्नोलिया रूममध्ये कृष्णवर्णीय बाईला बसून जेवता येत नव्हतं. साडी घ्या म्हणावं आणि पाट मांडू नये, असा हा प्रकार. १९ ऑक्टोबर १९६० ला विद्यार्थी तिथे जाऊन बसले, सोबत किंग होते, आणि पोलिसांनी सगळ्यांना नेलं. विद्यार्थी सुटले तरी किंगना एका जुन्या वाहतुकीच्या गुन्ह्याच्या निमित्ताने सक्तमजुरीची शिक्षा ठोठावून दूरच्या तुरुंगात पाठवलं गेलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार जॉन केनेडींनी किंग यांच्या पत्नी कोरेटा यांना केलेला फोन तो याच वेळचा.

परोपकार आणि न्याय यांच्यातली रेघ याहून ठळक मी कुठे पाहिलेली नाही. शिक्षकांच्या चिठ्ठ्या वटवणं हे उत्तम दान होतं, मायमोनिडीझच्या शिडीवर चांगलं उंचावरचं. त्यात मालकाचा खिसा हलका झाला, पण मालकाची जागा हलली नाही. जेवणाच्या टेबलावर कोण बसणार, या प्रश्नात मात्र मालकाला स्वतःची जागा सोडावी लागते. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खोटी नव्हती. तरीही न्याय इथेच अडतो. सहभोजनाच्या चळवळी पाहिलेल्या समाजाला हे वेगळं सांगायला नको, पैसे वाटणं सोपं असतं, पंगत मोडणं अवघड. १९६१ च्या मार्चमध्ये दुकानदार आणि कृष्णवर्णीय नेत्यांमध्ये समझोता झाला, आणि त्या शरद ऋतूत, शाळा एकत्र झाल्यानंतर, जेवणाचे काउंटर खुले झाले. शाळांचं आधी ठरलं होतं: ३० ऑगस्ट १९६१ ला नऊ कृष्णवर्णीय मुलं-मुली चार गोऱ्या हायस्कुलांमध्ये गेली आणि दंगा झाला नाही. त्यामागे ‘होप’ या पालकांच्या संघटनेची तीन वर्षांची घरोघर फिरून केलेली मेहनत होती. शाळा बंद झाल्या तर तुमच्या मुलांचं काय, एवढा साधा प्रश्न घेऊन त्यातल्या बायका दारोदार जात होत्या. अशा कामाची पदकं कुणाला मिळत नाहीत.

एक प्रसंग याच काळातला. किंग अटलांटात राहायला आल्यावर रॉथचाइल्डनी त्यांना आणि कोरेटाबाईंना घरी जेवायला बोलावलं. पाहुण्यांना उशीर झाला. गोऱ्या वस्तीतलं घर अंधारात सापडेना, म्हणून शेजारच्या एका घरी विचारावं लागलं, असं पाहुण्यांनी सांगितलं. त्यावर किंग लगेच म्हणाले, काळजी करू नका, तुम्हाला शेजाऱ्यांपुढे अवघडायला होऊ नये म्हणून मी हिलाच दारापर्यंत पाठवलं. आम्ही कुणाच्या मेजवानीत वाढपाला आलो आहोत असं त्यांना वाटावं म्हणून. जॅनिस रॉथचाइल्डनी ही आठवण लिहून ठेवली आहे. यजमानाला त्रास होऊ नये म्हणून पाहुण्याने स्वतःला नोकर ठरवून घ्यावं. मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे आणि दरवेळी गळ्याशी येतं. इतकी वर्षं बोलणाऱ्या, बॉम्ब सोसलेल्या रब्बीच्या दाराशीसुद्धा तो अन्याय उभा होताच.

१९६४ च्या डिसेंबरात किंगना शांततेचं नोबेल मिळालं. अटलांटाच्या भूमिपुत्राचा शहराने सत्कार करावा, असं रॉथचाइल्ड, मेज, मॅगिल, आर्चबिशप पॉल हॅलिनन आणि काही जणांनी ठरवलं. महापौर आयव्हन ॲलन सोबत होते. शहरातले बडे व्यापारी मात्र तिकिटं घेईनात. कोका-कोलाच्या वरिष्ठांनी त्यांना स्पष्ट शब्दांत समज दिली, की नोबेल विजेत्याचा मान न ठेवणाऱ्या शहरात कंपनीला राहायला लाज वाटेल, तेव्हा कुठे चक्रं फिरली. २७ जानेवारी १९६५ ला डिंकलर प्लाझा हॉटेलात सुमारे दीड हजार माणसं, गोरी आणि काळी, शेजारी शेजारी बसून जेवली. अटलांटात असं जेवण आधी झालं नव्हतं. सूत्रसंचालन रॉथचाइल्डनी केलं.

या माणसाचं मोजमाप कसं करावं? मोर्चाच्या पहिल्या रांगेत ते फारसे दिसत नाहीत. जून १९६४ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनमध्ये सोळा रब्बी किंगच्या हाकेला जाऊन तुरुंगात बसले, त्या फोटोत रॉथचाइल्ड नाहीत. बाहेरून आलेल्या रब्बींना दुसऱ्या दिवशी विमानाने परत जाता येतं, ज्याला गावातच राहायचं आहे त्याचं गणित वेगळं असतं, असं त्यांच्या बाजूने म्हणता येईल आणि मला ते पटतं. त्यांच्या विरुद्धही म्हणता येईल: सत्काराचं जेवण हे वरच्या वर्गातल्या माणसांनी वरच्या वर्गातल्या माणसांसाठी केलेलं काम होतं, झोपडीतल्या कृष्णवर्णीय बाईच्या मजुरीत त्याने वाढ झाली नाही. हेही खरंच. पण मला त्यांची मुख्य कमाई वेगळी वाटते. त्यांनी एका घाबरलेल्या मंडळीला, तिच्यातल्या कुणालाही हाकलून न देता आणि स्वतःही सोडून न जाता, तिच्या स्वतःच्या शब्दांचा अर्थ पुन्हा शिकवला. ‘बेनेवोलंट’ हा पाटीवरचा शब्द होता, तो त्यांनी ‘त्सेदेक’पर्यंत नेला. एप्रिल १९६८ मध्ये किंग यांची हत्या झाली तेव्हा शहरातल्या धर्मगुरूंच्या शोकसभेत बोलायला उभे राहिले ते रॉथचाइल्डच. १९७३ च्या शेवटच्या दिवशी, बासष्टाव्या वर्षी ते गेले.

त्यांच्यानंतरचे रब्बी ॲल्विन शुगरमन याच मंडळीत वाढलेले. त्यांच्या काळात, १९८० च्या दशकात, अटलांटाच्या रस्त्यांवर बेघर माणसांची संख्या डोळ्यांत भरू लागली. निवारे होते, पण पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. काम गेलं, घर गेलं, तरी एकमेकांना धरून राहिलेलं नवरा-बायकोचं जोडपं निवाऱ्याच्या दारात येई आणि तिथे त्यांची ताटातूट होई. पुष्कळ जण मग आत जाण्याऐवजी रस्त्यावरच एकत्र झोपणं पसंत करत. टेम्पलने आपल्याच आवारात जोडप्यांसाठी रात्रनिवारा उघडला. नुसता पलंग देऊन भागणार नव्हतं, म्हणून काम शोधून देणं, पैसे साठवायला लावणं, भाड्याचं घर मिळेपर्यंत पाठपुरावा करणं, हेही त्यात आलं. ही मायमोनिडीझची सगळ्यात वरची पायरी. मंडळीतले लोक पाळीपाळीने रात्रीचं जेवण आणत, आणि त्यातले काही जण रात्री तिथेच, पाहुण्यांच्या जवळ, मुक्कामाला राहत.